बावीस पट

३ जानेवारी

चि. टिटवीस,

आबांचे आशीर्वाद. तुझं पत्र आणि तांब्याची कांडी, दोन्ही पोचलं. पोस्टमनने पुडकं दारात असं आपटलं की मी त्याला चार शब्द सुनावले. कांडी मीच उघडली, सूनबाईला हात लावू दिला नाही. तिला राग आला. येऊ दे.

करंगळीएवढी जाड आणि वीतभर लांब. तारेच्या कारखान्यात मी एक्केचाळीस वर्षं तांबं पाहिलं, पण असलं कधी नाही. लाख भागांत एक भागसुद्धा भेसळ नाही असं तू लिहितेस. मी ते वाचून पाणी प्यायलो. आणि ही कांडी मी ओढून अर्ध्या मिलिमीटरची तार करायची! अगं, माझं वय अठ्ठ्याहत्तर. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचा भरवसा नाही. चहाचा कप उचलला की बशी वाजते, म्हणून सूनबाई आता बशीच देत नाही.

कारखान्यातून ओढून आणलेली तार मळकी निघाली म्हणतेस. निघणारच. ते एकाच डायमधून सकाळी लोखंड ओढतात आणि दुपारी तांबं. डाय म्हणजे भोक पाडलेली चकती. धातू तिच्यातून खेचायचा, मग त्याहून बारीक भोकातून, मग त्याहूनही बारीक. तुला हे ठाऊक आहे. तुझ्या सरांना पत्र दाखवशील म्हणून लिहितो.

बुटक्याशी बोललो. माझ्या शेजारच्या मशीनवर होता तोच. त्याने आता स्वतःची शेड घातली आहे आणि हाताने खेचायचं जुनं बेंच अजून ठेवलंय. तो म्हणाला, "ये, मरायच्या आधी एकदा ओढू." त्याच्या तोंडाला कधी हाड नव्हतंच.

आता मला एक सांग. तांब्याच्या तारेला तुम्ही चुंबक कशाला लावता? तांब्याला चुंबक चिकटत नाही हे शेंबडं पोरही सांगेल. तुझे सर तुला बनवत तर नाहीत ना? जेवतेस का? झोप होते का? त्या थंड यंत्राजवळ स्वेटर घालतेस का? फोन करू नकोस, मला नीट ऐकू येत नाही आणि मग उगाच काळजी वाढते. पत्रच लिही.

तुझा आबा


१४ जानेवारी

प्रिय आबा,

नमस्कार. तुमच्या पत्रांत प्रश्न फार असतात. जमतील तेवढ्यांची उत्तरं देते. जेवते. झोपते. स्वेटर घालते. सर मला बनवत नाहीत.

चुंबकाचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, तांब्याला ते चिकटत नाही. पण तारेतून वीज जाते तेव्हा आत इलेक्ट्रॉन धावत असतात, आणि धावत्या इलेक्ट्रॉनला चुंबक बाजूला वळवतं. तार आम्ही द्रव हेलियममध्ये शून्याखाली दोनशे एकोणसत्तर अंशांपर्यंत गार करतो. तेवढ्या थंडीत तांब्याच्या अणूंची थरथर जवळजवळ थांबते. मग इलेक्ट्रॉनला अडवायला उरते ती भेसळ. अशा वेळी चुंबक लावायचं आणि तार विजेला जो रोध करते तो किती बदलतो हे मोजायचं. माझं काम एवढंच आहे.

एवढंच म्हणते, पण त्यात दोन वर्षं गेली. आधीच्या तारेने काही धड दाखवलं नाही. हेलियम आम्हाला मार्चमध्ये एकदाच मिळणार आहे. सरांनी स्पष्ट सांगितलंय की या खेपेला आकडा आला तर ठीक, नाही तर हा विषय बंद. म्हणजे मला दुसऱ्या विषयावर पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. आणि कांडी एकच आहे. हे तुम्हाला सांगू नकोस असं आई म्हणाली होती, पण तुम्ही ओळखलंच असतं.

तुमचं नाव काढल्यावर सर म्हणाले, "घरगुती तार?" मी म्हटलं, "घरगुती नाही सर. आमच्या आबांची."

तुमची टिटवी


६ फेब्रुवारी

चि. टिटवीस,

झालं. तार झाली. आधी हे लिहितो म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल, मग बाकीचं.

तीन दिवस लागले. सत्तावीस खेच. पहिल्या दिवशी मी बुटक्याला बेंचला हात लावू दिला नाही, दुसऱ्या दिवशी माझ्या खांद्याने हात टेकले तेव्हा दिला. तो खेचत होता आणि मी डायजवळ दोन बोटं तारेवर ठेवून बसलो होतो. कान गेले तरी डायमधून जाताना तार कण्हते ते मला बोटांना कळतं. ती नुसती कुरकुरली की चालू द्यायचं. ओरडली की थांबायचं. बुटक्या म्हणतो, "बायकोचं एवढं ऐकलं असतंस तर!"

जाड असताना पोलादी डाय चालते. तिचं लोखंड तारेच्या वरच्या अंगालाच लागतं आणि ॲसिडमध्ये तेवढं साल उतरवता येतं. बारीक झाल्यावर मात्र हिऱ्याची डाय पाहिजे. बारीक खेचांना सगळ्या डाय हिऱ्याच्या वापरल्या. हे मुद्दाम लिहितो. हिऱ्याच्याच.

शेवटी तार हलक्या ॲसिडमध्ये बुडवून काढली. एक बुडी पुरते, मी तीन दिल्या. का ते विचारू नकोस.

तार लहान रिळावर गुंडाळली नाही. बादलीच्या तोंडाएवढं लाकडी कडं करून त्यावर घेतली आहे. आता तू तिथे ती भट्टीत घालून नरम करशील. तेव्हा एक लक्षात ठेव. आधी तिला पाहिजे तो आकार दे, मग नरम कर. नरम झाल्यावर वाकवलीस तर जिथे वाकेल तिथे आतून दुखावेल. वरून काही दिसणार नाही, पण मोजायला गेलीस की सांगेल. आमच्याकडे नवी माणसं ही चूक हमखास करायची.

पुडक्यावर 'नाजूक' असं चारही बाजूंनी लिहिलंय. पोस्टातल्या बाईंनी विचारलं, "काचेचं आहे का?" मी म्हटलं, "काच परवडली."

बाकी ठीक. म्हणजे सगळं ठीकच आहे.

तुझा आबा


२ मार्च

प्रिय आबा,

घाईत चार ओळी. हेलियम आज सकाळी आलं. तुमची तार आत आहे. तुम्ही सांगितलंत तसाच आधी आकार दिला आणि मग नरम केली. चुंबक चालू केलं आणि तारेचा रोध बावीस पट वाढला! बावीस! सर काही बोललेच नाहीत, तडक उठून यंत्रं तपासायला गेले. आता आम्ही सगळं पुन्हा मोजतोय. हेलियम उडून जायच्या आत उरकायचंय, म्हणून थांबते. सविस्तर नंतर.

टिटवी


९ मार्च

चि. टिटवीस,

तुझं पत्र परवा आलं. तेव्हापासून घशाखाली घास उतरत नाही.

आमच्या कारखान्यात तपासणीची खोली होती. तिथे प्रत्येक रिळाचा रोध मोजत. शंभराला दोन जास्त भरला तरी तार भंगारात जायची आणि ज्याने ओढली त्याच्या मशीनवर लाल चिठ्ठी दिवसभर लटकायची. एक्केचाळीस वर्षांत मला तीन चिठ्ठ्या मिळाल्या. तिन्ही तारखा अजून सांगतो. शंभराला दोन! आणि तू लिहितेस बावीस पट. वर ते उद्गारचिन्ह. बिचारे सर काही न बोलता उठून गेले म्हणतेस. ते काय बोलणार? म्हाताऱ्या माणसाला शिव्या कशा द्यायच्या हा त्यांना प्रश्न पडला असेल.

आता ऐक. मी तुझ्याशी खोटं बोललो. पंचविसाव्या खेचाला हिऱ्याची डाय घेतली तर तारेवर बारीक ओरखडा उठायला लागला. भिंगाखाली पाहिलं तर डायच्या कडेचा टवका उडालेला. त्या मापाची दुसरी हिऱ्याची डाय बुटक्याकडे नव्हती. तो म्हणाला, "पोलादी घे. कोण बघतंय?" मी म्हटलं, "तिचे सर बघतील." तर म्हणतो, "सर चष्मा लावत असतील." मी दोन तास ती डाय भिंगाखाली फिरवून फिरवून पाहिली. मग पोलादी डायमधून तो एक खेच काढला. नंतरचे दोन हिऱ्याचे होते, पण लोखंड लागायचं ते लागलंच असणार. म्हणून त्या तीन बुड्या.

हे मी तेव्हाच लिहायला पाहिजे होतं. पण तू सरांपुढे 'आमच्या आबांची' म्हणालीस. ते वाचल्यावर डाय फुटकी निघाली असं लिहायला हात धजेना. तुझी दोन वर्षं माझ्या एका खेचाने गेली.

सरांना वेगळं पत्र पाठवतो आहे. तू ते अडवू नकोस.

आबा


९ मार्च

माननीय सरांस,

नमस्कार. मोठ्या माणसांना कसं लिहायचं ते मला येत नाही. माझी शाळा चौथीत सुटली. म्हणून सरळ लिहितो.

आपल्याकडे जी तार बावीस पट खराब निघाली ती मी ओढलेली आहे. माझ्या नातीचा त्यात काही दोष नाही. पंचविसावा खेच मी पोलादी डायमधून काढला आणि तिच्यापासून लपवला. नंतर वीस भाग पाण्यात एक भाग ॲसिड घालून तीन बुड्या दिल्या. प्रत्येक बुडी वीस सेकंद. प्रत्येक वेळी ताजं ॲसिड घेतलं, जुनं वापरलं नाही. बुड्यांच्या मध्ये तार वाहत्या पाण्यात धुतली. तरी लोखंड राहिलं असणार.

तिने ही तार माझ्याकडे मागितली कारण ती लहान असताना मी तिला सांगत असे की आपल्यासारखी तार दुनियेत कुणी ओढत नाही. फुशारकी माझी आणि भोगणार ती, हे बरोबर नाही. आपण तिचा विषय बंद करू नये. आपल्याकडे आणखी कांडी असेल तर चांगल्या माणसाकडून ओढून घ्यावी. मी नावं सुचवू शकतो. दोघं अजून जिवंत आहेत.

मोठ्या माणसाचा वेळ घेतला, माफी असावी.

आपल्या विद्यार्थिनीचा आजोबा


१६ मार्च

प्रिय आबा,

आधी जेवून घ्या. मग पुढचं वाचा.

जेवलात? तर ऐका. बावीस पट म्हणजे नापास नाही. जेवढी तार शुद्ध तेवढा चुंबकाने तिचा रोध जास्त वाढतो. आधीची मळकी तार याच यंत्रात याच चुंबकापुढे ठेवली होती तेव्हा तिचा रोध जेमतेम दुपटीच्या वर गेला होता. तुमच्या तारेचा बावीस पट गेला. सर उठून गेले ते यंत्र बिघडलं असेल असं वाटून. त्यांनी तीन वेळा मोजायला लावलं. तिन्ही वेळा बावीस.

असं का होतं ते सांगते. भरलेल्या बाजारातून चालताना वारा कुठून येतोय ते तुम्हाला कळतं का? पावलापावलाला धक्के बसतात, वाऱ्याचं काय घेऊन बसलात! पण मोकळ्या मैदानावर सायकल चालवताना आडवा वारा सुटला तर तो सायकल पार वळवून टाकतो. मळकी तार म्हणजे भरलेला बाजार. इलेक्ट्रॉन जरा पुढे गेला की भेसळीला धडकतो, चुंबकाने त्याला वळवायला वावच मिळत नाही. तुमची तार म्हणजे मैदान. इलेक्ट्रॉन न धडकता लांबच लांब धावतो, म्हणून चुंबकाला त्याची वाट वाकवता येते. आबा, त्या तारेत धडकायला काही नाही म्हणून बावीस पट!

आणि एक सांगायचं राहूनच गेलं. नुसत्या थंडीने तुमच्या तारेचा रोध खोलीतल्यापेक्षा दीड हजार पट खाली आला होता. चुंबकाने बावीस पट वाढूनही तो खोलीतल्या रोधाच्या साठाव्या भागाएवढासुद्धा नाही. भंगारात कसली घालताय! चूक माझी आहे. 'वाढला' एवढंच लिहून मी पळाले, आणि तुमच्या कारखान्यात 'वाढला' म्हणजे काय हे मला आठवायला हवं होतं.

तुमचं पत्र सरांनी उभ्याने वाचायला घेतलं आणि वाचता वाचता खुर्चीत बसले. मला म्हणाले, "तीन बुड्या, आणि प्रत्येक वेळी ताजं ॲसिड? हे यांना कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "भीतीने." ते म्हणाले, "अशी भीती इथल्या कुणाला वाटत नाही, हीच अडचण आहे." मी चौथी बुडी देऊन ते ॲसिड तपासून घेतलं. लोखंडाचा मागमूस नाही. तुमची पद्धत आता प्रयोगशाळेच्या वहीत उतरवली आहे आणि विषय चालू राहणार आहे.

पण डायचं लपवलंत याचा मला राग आलाय. वहीत मी लिहिलंय, 'पंचविसावा खेच पोलादी डायमधून.' जे झालं ते लिहायचं असतं आबा. हे मला तुम्हीच शिकवलंय, त्या तीन लाल चिठ्ठ्यांच्या तारखा सांगून.

तुमची टिटवी


२४ मार्च

चि. टिटवीस,

पत्र चार वेळा वाचलं. मग बुटक्याकडून वाचून घेतलं, कारण माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही. त्याच्यावरही नाही, म्हणून सूनबाईकडून वाचून घेतलं. तिघांचंही बावीसच आलं.

म्हाताऱ्याचं मन राखायला लिहिलं नाहीस ना? तू असं करत नाहीस, तरी विचारतो.

सरांचं बोलावणंही आलं, तिकडे येऊन मोजणी बघा म्हणून. एवढ्या लांबच्या प्रवासात मला काही झालं तर? कुठला शर्ट घालू? ते इंग्रजीत बोलले तर काय करू? तू स्टेशनवर येशील ना? अर्धा तास आधी ये. गाड्या कधीकधी लवकर येतात.

डायचं लपवलं ते चुकलं. पुन्हा नाही.

आबा


१९ एप्रिल

बुटक्या,

हे पत्र मी प्रयोगशाळेच्या पाहुण्यांच्या खोलीत बसून लिहितो आहे. खिडकीपाशी लिहायला मेज आहे, त्यावर दिवा आहे, आणि सकाळी एक माणूस दार वाजवून चहा देतो. बशीसकट. जळ.

मला वाटलं होतं प्रयोगशाळा म्हणजे काहीतरी राजवाडा असेल. तळघरातली खोली आहे रे, आपल्या शेडच्या दुप्पट. भिंतीवर नळ्या, जमिनीवर वायरींचं जंजाळ. मधोमध माणसाच्या उंचीचा पोलादी थर्मास आणि त्याच्या तोंडातून पांढरी वाफ. या खेपेला दुसऱ्या एका कामासाठी थोडं हेलियम आलं होतं. त्यातलं सरांनी माझ्यासाठी राखून ठेवलं होतं. माझ्यासाठी, हे ध्यानात घे.

चुंबकाजवळ जायचं म्हणून घड्याळ काढून घेतलं. काठीच्या टोकाला लोखंड आहे, तीही बाहेर ठेवायला लावली. मग मी टिटवीचा हात धरून उभा राहिलो. ती माझी बोटं करकचून आवळत होती. मी म्हटलं, "तू कशाला घाबरतेस?" ती कानाशी म्हणाली, "तुम्ही बघताय म्हणून." सर बसा म्हणाले, मी बसलो नाही. तपासणीच्या खोलीबाहेर कधी बसलोय का आपण?

तिथे एक यंत्र आहे. त्यातलं पेन कागदावर रेघ ओढतं. चुंबक जसजसं जोर धरतं तसतशी रोधाची रेघ वर जाते. आधी त्यांनी मळक्या तारेची रेघ काढून दाखवली. जेवून लवंडलेल्या कुत्र्यासारखी पडून राहिली, शेवटी जरा मान वर केली, तेवढंच. मग आपली तार लावली.

बुटक्या, रेघ निघाली ती थांबेचना. एक्केचाळीस वर्षं मी हा आकडा खाली राहावा म्हणून जीव टाकला, आणि काल तिथे उभा राहून मनात म्हणत होतो, चढ बये, आणखी चढ. कागदाची वरची कड जवळ आली तेव्हा टिटवी म्हणाली, "बावीस." मोठ्याने म्हणाली असणार, कारण मला ऐकू आलं.

नंतर तिथली दहा-बारा शिकलेली मुलं-मुली माझ्याभोवती जमली. तार ओरडते म्हणजे काय, बोटांना कसं कळतं, किती जोर लावायचा. टिटवी माझ्या कानाशी एकेक प्रश्न सांगत होती. मी सगळं सांगितलं. फुटक्या डायचंही सांगितलं. मला वाटलं हसतील. त्यांनी लिहून घेतलं. तू 'सर चष्मा लावत असतील' म्हणालास तेही सांगून टाकलं. सर चष्मा लावतात. तेच सगळ्यांत जास्त हसले.

आज सकाळी ते या कामाचा छापायचा निबंध घेऊन आले. इंग्रजीत आहे. शेवटी एक ओळ त्यांनी मला मराठीत वाचून दाखवली, ही तार कुणी ओढली त्याबद्दलची. त्यात माझं नाव आहे, मदतीला तुझंही आहे, आणि माझ्या नावापुढे होतं 'निवृत्त कामगार'. बरोबर आहे ना म्हणून त्यांनी विचारलं. मी कागद हातात घेतला, त्यांच्याच खिशातलं पेन मागितलं आणि ते शब्द कुठे आहेत ते टिटवीला बोटाने दाखवायला सांगितलं. मग मी ते खोडले. आयुष्यात पहिल्यांदा शिकलेल्या माणसाच्या कागदावर रेघ मारली, आणि विशेष म्हणजे हात कापला नाही.

सर म्हणाले, "मग काय लिहू?"

मी म्हटलं, "तार ओढणारा लिहा. दुसरी कांडी कधी देताय?"

त्यांनी मागवलेली नवी कांडी आता माझ्या पिशवीत आहे. सोमवारी सकाळी येतो. बेंच पुसून ठेव. ते तुझं तेलकट फडकं लावू नकोस, धुतलेलं कापड घे. मी हात फिरवून बघणार आहे.

तुझा
तार ओढणारा